खडेबाजार एका फेरीत

“मागं फिरू नकोस! एक पाऊल जरी मागं टाकलंस तर उद्यापासनं माझ्या टेबलाला बसायचं न्हाई.”

शनिवारची गर्दी, भर खडेबाजार, आणि सर माझ्यावर ओरडत होते. माझा गुन्हा एवढाच, की बटणांच्या दुकानावरून वीस पावलं पुढे गेल्यावर मला बायकोनं सांगितलेली बटणं आठवली आणि मी वळलो. वळलो म्हणजे नुसती मान वळवली. तेवढ्यात हा आवाज. एक सायकलवाला घाबरून खाली उतरला. कोथिंबीरवालीनं टोपली आवरली. समोरून एक म्हैस येत होती, ती सरांकडे बघत जागच्या जागी उभी राहिली. पुढे जायची परवानगी मागत असावी.

“सर, वीस पावलं तर आहेत.”

“वीस असू देत न्हाईतर दोन. बाजार एकदाच वाचायचा असतो. इसरलास न्हवं? मग पुढं चल. गोल फिरून वरच्या टोकानं परत आत शिरू.”

आणि शिरलो. चार बटणांपायी मला त्या दिवशी निम्मं बेळगाव बघावं लागलं. कॅम्पातलं चर्चसुद्धा लागलं वाटेत.

सर आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचे आणि मी गणित. दोघांत मिळून एक टेबल आणि दीड खुर्ची. अर्धी म्हणजे पाठ नसलेली, ती माझी. सर मूळचे बेळगुंदीचे, घरची शेती. रोज सायकलनं यायचे ते एका वाटेनं आणि घरी जायचे दुसऱ्याच. गेल्या वाटेनं परत येणं त्यांना उष्टं खाल्ल्यासारखं वाटे. सगळे त्यांना सरच म्हणायचे. मी बेळगुंदीला गेलतो तेव्हा त्यांच्या आईनंही “सर, पावण्यास्नी ताक द्या,” असंच म्हटलेलं मी या कानांनी ऐकलंय.

छत्री विसरली तर आणायला जायची नाही, हा त्याच नियमाचा पोटनियम. त्यामुळे सरांच्या छत्र्या सगळीकडे पसरल्या होत्या. बेळगुंदीच्या वाटेवर पाऊस आला की एकूण एक माणूस सरांच्या छत्रीखालून चालतो, असं प्यून सांगायचा. प्यूनच्या हातातही तेव्हा सरांचीच छत्री असायची.

लग्नाचा किस्सा मी पाहिलेला नाही, पण तो मी इतक्यांदा सांगितलाय, की आता पाहिल्यासारखाच झालाय. खानापूरकडचं गाव. बँडवाले रंगात आले आणि वरात मांडवावरून पुढे निघून गेली. सगळे म्हणाले, घोडं वळवा. घोड्यावरचे सर म्हणाले, वळवायचं नाही. मग वरात अख्ख्या गावाला वळसा घालून, तळ्याच्या बांधावरून, कुणाच्यातरी उसातून, पुन्हा मांडवाच्या तोंडाशी आली. भटजींचा घसा बसला होता. मी एकदा वहिनींना विचारलं, त्या वेळी तुम्हाला काय वाटलं हो?

“काय वाटायचं? गाव गोल हाय. येतील म्हटलं.”

आता कुणी म्हणेल, हा नुसता हट्टीपणा. मलाही पहिली दोन वर्षं तसंच वाटलं. मग एका शनिवारी मी सरांची बाजारहाट नीट पाहिली. सरांचं घर आणि शेजारची सहा घरं, अशा सात घरांच्या याद्या ते आणायचे, त्याही तोंडी. तुम्ही-आम्ही काय करू? पहिल्या घराची यादी घेऊन बाजार पालथा घालू, मग दुसऱ्या घराची, मग तिसऱ्या. सात घरं, सात फेऱ्या. सर एकदाच चालायचे. सातही याद्या एकदम डोक्यात. दुकान समोर आलं की कोणत्या घरचं तिथं काय आहे ते हात आपोआप उचलायचा. एका घराची हळद, तिसऱ्याची चहापूड, सहाव्याचा कुंदा. बाजार संपायचा तेव्हा सातही पिशव्या भरलेल्या, आणि सर परतीला दुसऱ्या रस्त्यावर.

हीच बाजारहाट त्यांनी पुढे सी नावाच्या भाषेत लिहून काढली.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर कॉलेजात कॉम्प्युटर आला. एकच. हिरव्या अक्षरांचा. स्वतःच्या पोटात काही ठेवून घ्यायची त्याची ऐपत नव्हती, जे असेल ते फ्लॉपीवरून वाचायचा, आणि वाचताना असा कण्हायचा की बाहेर चपला काढून बसलेली पोरं आत डोकावून विचारायची, सर, बरा आहे ना तो? त्या यंत्रावर सरांनी एक लायब्ररी लिहिली. लायब्ररी म्हणजे एकदा नीट लिहून ठेवलेलं काम. दुसऱ्या कुठल्याही प्रोग्रामनं हाक मारावी आणि ते करून घ्यावं. प्रिन्सिपॉलांनी लायब्ररी हा शब्द ऐकला आणि पुस्तकांसाठी कपाट मंजूर केलं. सरांनी मुकाट्यानं कपाट घेतलं, त्यात तीन फ्लॉप्या ठेवल्या आणि कुलूप लावलं.

लायब्ररीचं नाव ‘खडेबाजार’. काम एकच: तिला हवे तेवढे शब्द द्यायचे, शंभर द्या, हजार द्या, आणि समोर मजकूर ठेवायचा. ती मजकूर एकदाच वाचणार, एकेक अक्षर करत, आणि सगळे शब्द कुठे कुठे आहेत ते सांगणार. मागे वळून एक अक्षरही पुन्हा वाचणार नाही.

“पण सर,” मी म्हणालो, “एक शब्द अर्धा जुळला आणि मग फसला, तर? मागं यायलाच लागेल की.”

सरांनी खडू घेतला आणि फळ्यावर इंग्रजीत GANGAVVAKKA लिहिलं.

“हे वाचालाईस. यादीत दोन बाया हाईत, गंगव्वा आणि अव्वाक्का. गंगव्वा वाचून झाली. पुढं आला K. गंगव्वाच्या घरात K न्हाई. आता काय करशील? परत दुसऱ्या अक्षरापासनं सुरू करणार?”

“करायला पाहिजे.”

“का म्हणून? हातात काय उरलंय बघ की. शेवटची चार अक्षरं, AVVA. अव्वाक्काच्या घराच्या चार पायऱ्या तू चढूनच आलाईस रं. तिथनंच पुढं चल. फसलेलं सगळंच फुकट जात न्हाई. त्यातलं कामाचं किती ते आधीच ठरवून ठेवायचं, आणि तेवढं घेऊन मुंदक होग्री.”

मुंदक होग्री म्हणजे कन्नडमध्ये पुढे सरका. आमच्याकडच्या बसचा कंडक्टर दिवसातून हजारदा हेच ओरडतो. सरांना ते इतकं आवडायचं, की फसल्यावर कुठे उडी मारायची ते सांगणाऱ्या फंक्शनचं नावच त्यांनी ‘मुंदक’ ठेवलं होतं. ही युक्ती परदेशात दोघांनी आधीच काढलीय, असं त्यांना पुढे कुणीतरी मुंबईहून कळवलं. सर जराही खट्टू झाले नाहीत. “असंल की,” म्हणाले. “त्यांच्या गावातबी खडेबाजार असंल.”

ह्या लायब्ररीचा दोष एकच. तिच्याकडे कुणी काही काम घेऊन येईना. वर्षभर ती कपाटात होती. आणि मग निपाणीहून आक्काताई आल्या.

आक्काताई तंबाखूच्या वखारीत काम करायच्या. पन्नाशी उलटलेली, काष्टा कसलेला, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला. त्या जिन्यावरून वर आल्या तेव्हा पदरातल्या तंबाखूच्या वासानं फिजिक्सच्या लॅबमध्ये प्रॅक्टिकल थांबलं. अठरा पोरं एका सुरात शिंकली. सरांची धाकटी बहीण त्यांच्या गल्लीत दिलेली, त्या ओळखीनं आलत्या.

“बेळगावात नावं हुडकायचं मिशन हाय म्हणं. तुमच्याकडंच न्हवं?”

भानगड अशी होती. वखारीतल्या बायकांना नवी ओळखपत्रं मिळायची होती. कार्ड असेल तर दवाखाना. नसेल तर दारातूनच परत. नव्या याद्या कुणा टायपिंगवाल्यानं इंग्रजीत फ्लॉपीवर उतरवल्या होत्या, हजारो नावं. त्यात तीनशे बायकांचा जुन्या कार्डाशी मेळच बसेना. कारण आमच्या भागात एक बाई म्हणजे तीन बायका. मराठी कारकुनानं लिहिलं तर गंगूबाई. कन्नड कारकुनानं लिहिलं तर गंगव्वा. शेजारणीला विचारून लिहिलं तर गंगाक्का. तिघी एकच, पण कागदावर अनोळखी. कचेरीनं फ्लॉप्या आक्काताईंच्या हातात ठेवल्या आणि सांगितलं, तुमच्या बाया तुम्हीच हुडका. शनिवारी दुपारी एकपर्यंत आणा, नंतर यादी बंद. त्या दिवशी वार होता बुधवार. आणि आक्काताईंच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख पुढच्या आठवड्यातली.

“तीनशे नावं लिहून आणलायसा काय?” सरांनी विचारलं.

“लिवाय कुटं येतंय मला? तोंडपाठ हाईत. गल्लीनं निघाले की येत्यात.”

आणि निघाल्या. डोळे मिटून, घरामागून घर. मी लिहीत होतो. सतराव्या घराशी प्यूननं चहा आणला. चहा झाल्यावर आक्काताईंनी पदरानं तोंड पुसलं आणि पुन्हा पहिल्या घरापासून सुरुवात केली.

“अहो, सतरा झाली की,” सर कळवळून म्हणाले. “अठराव्यापासनं चला. मागं कशाला जातायसा?”

“तसं कसं? पयल्या घरातल्या म्हातारीला वाईट वाटंल.”

सरांनी मला वहीचं नवं पान उलटायची खूण केली. आपल्या लायब्ररीविरुद्ध हा मुद्दा त्यांना कुठल्या पुस्तकात भेटला नव्हता.

गुरुवारी सरांनी कमाल केली, ती अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. त्यांनी नावांची शेपटं कापली. बाई, ताई, अव्वा, आक्का, काय असेल ते शेवटून काढून टाकायचं, मागं एखादा स्वर लोंबत राहिला तर तोही; गंगूबाई काय आणि गंगव्वा काय, खाली राहतं ते एकच. शेपटं हुडकून कापायलाही ‘खडेबाजार’च. मग ही उरलेली नावं आणि त्यांच्या गल्ल्या लायब्ररीला भरवल्या आणि फ्लॉप्या एकामागून एक घातल्या. प्रत्येक फ्लॉपी एकदाच. आमच्याच एका पोरानं पूर्वी असाच एक प्रोग्राम लिहिला होता, तो एका नावासाठी सगळ्या फ्लॉप्या वाचायचा, मग दुसऱ्या नावासाठी पुन्हा सगळ्या. त्यानं तीनशे नावं शोधली असती तर फ्लॉप्या झिजून पापड झाल्या असत्या आणि पोरगा पेन्शनीत निघाला असता. सरांचं काम चहावर साय धरायच्या आत झालं. प्रिंटरनं करवतीसारखा आवाज करत सलग कागद ओकला. मी म्हणालो, “सर, मोजून घेऊ या का? तीनशे आहेत ना?”

“एकदा वाचलंय. परत मोजणं म्हणजे मागं फिरणं.”

शुक्रवारी वखारीच्या दुपारच्या सुट्टीत आम्ही निपाणीत, आक्काताईंच्या घरापुढच्या कट्ट्यावर. सरांनी छत्री भिंतीला टेकवली आणि कागद उलगडला. बायका वखारीतून तशाच आलत्या, केसांवर तंबाखूची धूळ. सर एकेक नाव वाचत, आणि एकेक बाई “व्हय” म्हणे. काही व्हय ठणठणीत होते, काही नुसते ओठ हलल्यासारखे. एका म्हातारीनं तर “खरंच हाय का माझं? परत वाचा की,” म्हणून विनवलं, सरांनी वाचलं नाही, पण कागदावरचं नाव तिच्या बोटाखाली धरलं. शेवटची घडी उलगडली, शेवटचं नाव झालं.

“संपलं,” सर म्हणाले.

“आनि मी?” आक्काताईंनी विचारलं.

“तुम्ही? तुमचं तर पहिल्या घरांतच…”

मग मी जे पाहिलं ते बेळगुंदीत कुणाला सांगितलं तर अजून खोटं मानतात. सरांनी कागद मागे उलटला. घडीमागून घडी, शेवटापासून पहिल्यापर्यंत. नाव नव्हतं.

त्यांनी खिशातून खडू काढला, खडू त्यांच्या खिशात कायम असायचा, आणि कट्ट्याच्या फरशीवर AKKATAI असं लिहिलं. मग अंगठ्यानं TAI पुसलं. राहिलं AKKA. तेही पुसलं. फरशीवर काही उरलं नाही. पांढरा डाग होता, बस.

शेपटं कापणाऱ्या सुरीला शेपूट तेवढं दिसत होतं. ह्या बाईचं अख्खं नावच दोन शेपटांचं. जिला साऱ्या निपाणीनं आक्का म्हणावं आणि ताई म्हणावं, तिचं पाळण्यातलं नावही तेच, हे यंत्राला कोण सांगणार? उरला रिकामा शब्द. आणि रिकामा शब्द हुडकायला सांगितला तर ‘खडेबाजार’ तो गुपचूप बाजूला टाकायची. तसा नियम सरांनीच लिहिला होता.

“मीच पुसलं हो तुमचं नाव,” सर म्हणाले.

“असू दे. बाकीच्यांचं झालं न्हवं?” आक्काताई म्हणाल्या. “उटा आता, गाडी चुकंल.”

उठलो. स्टँडवर सर एरवी चिकोडीच्या गाडीकडे वळायचे, तिकडून वळसा घालून बेळगाव. मी त्याच बाजूला निघालो. मागे पाहतो तर सर बेळगावच्या गाडीच्या पायरीवर.

“सर, ही आलो त्याच रस्त्यानं जाते.”

“जाऊ दे. वळसा घालाय येळ न्हाई.”

गाडी भरलेली. कंडक्टर ओरडला, “मुंदक होग्री.” सर हलले नाहीत. दाराशीच उभे राहिले, बाहेर बघत. मला वाटलं, आता ह्यांना भोवळ येणार. आयुष्यात पहिल्यांदा एकच रस्ता दोनदा बघतायत. संकेश्वर मागे पडल्यावर ते हळूच म्हणाले, “ह्या बाजूनं झाडं येगळीच दिसत्यात रं.”

साडेतीनला बेळगाव. चारला कॉम्प्युटरची खोली उघडून घेतली. सरांनी एकच ओळ घातली: कापता कापता काहीच उरणार नसेल, तर कापायचं नाही. पुन्हा सगळ्या फ्लॉप्या, पहिल्यापासून. तिसऱ्या फ्लॉपीनं कण्हत कण्हत तिचं नाव दिलं. AKKATAI, जसंच्या तसं, गल्लीसकट. घोळ होता तो जुन्या कार्डावर; यादीत कुणीही डोळ्यांनी शोधलं असतं तरी सापडलं असतं. मग सरांनी नवी यादी छापली, टेबलावर पसरली, आणि पहिल्यापासून बोट ठेवून मोजायला बसले. तीनशे झाले. पुन्हा मोजले.

शनिवारी सकाळच्या गाडीनं निपाणी. त्याच रस्त्यानं, तिसऱ्यांदा. कचेरीतल्या माणसानं साडेअकराला शिक्का मारला आणि सरांनी त्याच्याकडून पोच मागून घेतली. तिथून थेट परतीची गाडी, कारण तीन वाजता सरांचा तास होता. आक्काताईंच्या गल्लीत जायला जमलंच नाही.

पुढे ती लायब्ररी पुण्याच्या एका कंपनीनं मागितली. सरांनी देऊन टाकली, अट एकच: नाव बदलायचं नाही. त्यांनी बदललं असणार. माझ्या आयुष्यात मी मोठमोठे प्रोफेसर पाहिले, परदेशी शिकून आलेले, टाय लावणारे. पण चूक दिसल्या दिसल्या भरल्या गाडीच्या पायरीवर चढणारा दुसरा पाहिला नाही.

पंधरा दिवसांनी आम्ही आक्काताईंना बघायला गेलो. चिकोडीवरून, वळसा घालून. ऑपरेशन झालं होतं. डोळ्यावरची पट्टी नुकतीच निघालेली, हिरवा कापडी पडदा लावून त्या कट्ट्यावर बसल्या होत्या. कार्ड गळ्यातल्या पिशवीत. सरांना राहवेना. ते पुढे वाकले आणि म्हणाले, “आक्काताई, उभ्या जन्मात मी कधी मागं फिरलो न्हाई. सोताच्या लग्नात न्हाई. तुमच्यासाठी फिरलो बघा.”

आक्काताईंनी पडदा जरासा वर केला, नव्या डोळ्यानं सरांना वरून खालपर्यंत नीट पाहिलं, आणि म्हणाल्या,

“व्हय. पर छत्री हितंच ऱ्हायली.”